घडीसाहेबांची वकील

कायद्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं शिकवून मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी त्यांच्या पदव्या वाचायला घेतल्या आणि मध्येच पाणी प्यायला थांबले. दोन पदव्युत्तर पदव्या, डॉक्टरेट, परदेशात पाहुण्या प्राध्यापक, कसल्या कसल्या समित्यांवर सदस्य. विषय मात्र जन्मभर एकच धरला, पालकत्वाचा कायदा. जी माणसं वयानं मोठी आहेत पण स्वतःचा कारभार सांभाळू शकत नाहीत, त्यांच्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचे, किती घ्यायचे आणि कुठे थांबायचं, यावर त्यांचा नऊशे पानांचा ग्रंथ होता. वकील तो काखोटीला मारून कोर्टात जात. न्यायाधीश त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद निकालपत्रात उतरवत. मॅडम स्वतः मात्र कोर्टात एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या. सनद होती, पण ती फायलीत. काळा कोट एकदाच अंगावर चढला होता, तोही फोटोपुरता.

हाच विषय का, असं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कारण घरातच होतं. उंची सहा फूट, वय बावन्न, आणि घरातलं नाव सोन्या.

सोन्या त्यांचा धाकटा भाऊ. जन्मताना श्वास घ्यायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला, आणि पुढे सगळ्याच गोष्टींना तो तसाच वेळ लावत राहिला. वाचता येत नव्हतं, पण पाट्यांचे रंग आणि आकार पाठ होते. घड्याळ कळायचं. सव्वीस वर्षं तो एकाच लाँड्रीत कामाला होता. धुऊन इस्त्री होऊन आलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं काम. त्याच्या हाताखालून गेलेल्या चादरीला कोपऱ्याला कोपरा असा जुळलेला असायचा की गिऱ्हाईक घरी नेऊन ती उलगडायला कचरायचं. लाँड्रीवाले काका त्याला ‘घडीसाहेब’ म्हणत. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग सवयीनं, आणि अलीकडे तर नवीन माणसाला ओळख करून देतानाही तसंच सांगत.

तो आईबरोबर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचा. मॅडम दर रविवारी अकराला यायच्या, फळं आणायच्या, औषधांच्या बाटल्या तपासायच्या आणि एकला निघायच्या. आई म्हणायची, “बस की गं जरा.” मॅडम म्हणायच्या, “पुढच्या रविवारी.”

एका सकाळी सोन्यानं आईला चहा नेला आणि थोड्या वेळानं शेजारचं दार वाजवलं. “आई उठत नाही,” तो म्हणाला. “चहा दोनदा गरम केला.”

मॅडमनी सगळं नीट निभावलं. कागदपत्रं, दाखले, नातेवाइकांचे फोन. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सोन्याची बॅग भरली आणि त्याला आपल्या घरी घेऊन आल्या. आईची खोली बंद केली, फ्लॅटला कुलूप लावलं. त्यांच्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आई गेली, बहीण आहे, भाऊ बहिणीकडे राहणार. राहता राहिला कोर्टाचा पालकत्वाचा आदेश. तो विषय तर त्यांच्या बोटांवर होता.

सोन्या त्यांच्याकडे अगदी पाहुण्यासारखा राहिला. विचारल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही. चार भिंतींना पुस्तकांची कपाटं, मधे एक टेबल, आणि त्या टेबलाशी अंग चोरून बसलेला सहा फुटांचा माणूस. दोन दिवसांत त्यानं घरातल्या सगळ्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या घातल्या. मग घड्या घालायला काही उरलं नाही.

“ताई, लाँड्री?” तो रोज सकाळी विचारायचा.

“लांब आहे रे. बघू आपण पुढे.”

आई गेल्यानंतरच्या अकराव्या दिवशी मॅडम आंघोळ करून बाहेर आल्या तर दार उघडं आणि सोन्या गायब. जिना, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, बसथांबा, सगळं पालथं घातलं. पोलिसांना फोन करायला हात उचलला तेवढ्यात फोन वाजला.

“घडीसाहेब इथं आहेत हो,” लाँड्रीवाले काका म्हणाले. “मी आठला शटर उघडायला आलो तर पायरीवर बसलेले. म्हणाले, अकरा दिवस खाडा झाला, सॉरी.”

त्याच दुपारी मॅडमनी ठरवलं, आता वेळ घालवण्यात अर्थ नाही. कोर्टात अर्ज करायचा.

अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला असता, पण कोर्टाच्या पायऱ्या, तारखा, कारकुनांचे स्वभाव हे कुठल्या ग्रंथात नसतं. वकील हवा होता. शहरातले निम्मे वकील त्यांच्या हाताखालून गेलेले. पण मनातल्या मनात यादी चाळली तेव्हा लक्षात आलं, हुशार म्हणून ज्यांची पाठ थोपटली त्यांतला एक कंपन्यांचे करार करतो, दुसरी करांचे दावे लढवते, तिसरा जहाजांच्या विम्यात मुरलाय, आणि सुवर्णपदक मिळवणारा तर बँकेचा कायदा सल्लागार होऊन बसलाय. म्हाताऱ्या, अपंग, दुबळ्या माणसांची प्रकरणं रोजच्या रोज चालवणारी एकच होती. तिला वर्गात सगळे ‘शंका’ म्हणत, कारण तिचा हात कायम वर असायचा. मॅडमनी तिला एकदा नापासही केलं होतं, आणि तेही याच विषयात.

शंकाचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. खालच्या यंत्राची घरघर जमिनीतून पायाला जाणवायची. टेबलावर फायली, एका कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांचा डबा, आणि खुर्च्या सगळ्या सारख्या उंचीच्या. तिची स्वतःचीसुद्धा.

“मॅडम! तुम्ही?” ती ताडकन उठली. चाळिशी गाठलेली बाई क्षणात शेवटच्या बाकावरची मुलगी झाली. “आधी बसा. पाच वर्षं मोठ्या फर्ममध्ये होते मी, कंपन्यांचं विलीनीकरण वगैरे. तिथं कुणी असं जिना चढून यायचं नाही. म्हणून तर सोडलं.”

मॅडम बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “माझ्या भावाचं काम आहे. तो...”

“एक मिनिट, मॅडम.” शंकानं हात वर केला. सवयीचाच हात. “पुढचं अजून सांगू नका. एक विचारू? अशील कोण? तुम्ही की भाऊ?”

“दोघांचं एकच आहे.”

“तसं असतं तर कोर्ट लागलंच नसतं.”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. चौतीस वर्षांत विद्यार्थ्यांनी त्यांना बरंच काही विचारलं होतं, पण या सुरात नाही.

“तुमची बाजू तुम्ही स्वतः मांडू शकता,” शंका हळूच म्हणाली. “तुमच्याएवढं हे कुणाला येतं? मला तर येत नव्हतं, तुम्हाला माहितीच आहे. पण भावाच्या बाजूनं बोलायला कुणी आहे का? नसेल तर मी त्यांची वकील होते. तुम्ही अर्ज टाका. कोर्ट त्यांच्यासाठी वकील नेमेलच, मी माझं नाव देते.”

“म्हणजे तू माझ्याविरुद्ध उभी राहणार?”

“त्यांच्या बाजूनं उभी राहणार. विरुद्ध की कसं, ते त्यांना भेटल्यावर कळेल.”

मॅडम उठल्या. जिना उतरताना त्यांना स्वतःचाच राग येत होता, की नापास केलं तेव्हा आणखी चार मार्क का नाही कापले. तरी घरी जाऊन त्यांनी तो फोटोपुरता घातलेला काळा कोट बाहेर काढला. बटणं लागली, पण श्वास जरा जपून घ्यावा लागत होता.

कोर्टानं शंकाची नेमणूक केली. तिनं दोन अटी घातल्या. सोन्याला ती एकटी भेटणार, आणि त्याला कामावर जाऊ द्यायचं. मग मॅडम रोज सकाळी त्याला लाँड्रीत सोडू लागल्या आणि संध्याकाळी आणू लागल्या. त्यांनी कितीही नाही म्हटलं तरी एक गोष्ट नजरेत भरत होती. लाँड्रीच्या दारात शिरताना सोन्याची मान ताठ व्हायची. तिथे तो पाहुणा नव्हता.

शंका त्याला तीनदा भेटली. पहिल्यांदा लाँड्रीत, दुसऱ्यांदा बागेत. तिसऱ्यांदा तो म्हणाला म्हणून आईच्या फ्लॅटमध्ये, आणि त्या दिवशी किल्ली मॅडमनीच दिली. काय बोलणं झालं, हे ना तिनं सांगितलं ना त्यानं.

“काय विचारते रे ती?” मॅडमनी एकदा न राहवून विचारलं.

“ती वकील आहे माझी,” सोन्या गंभीरपणे म्हणाला. “सांगायचं नसतं.”

आई जाऊन चार महिने झाले तेव्हा सुनावणी लागली, सकाळी साडेदहाला. खोली लहानच होती. एक उंच टेबल, त्यामागे न्यायाधीश बाई, समोर दोन छोटी टेबलं. न्यायाधीश बाईंच्या उजव्या हाताला मॅडमचा ग्रंथ होता, कडा मळलेला, कागदांचे तुकडे खुणेला घातलेला. तो पाहून मॅडमना धीर आला.

त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि चाळीस मिनिटं बोलल्या. पालकत्वाचा उगम, तत्त्वं, कसोट्या. सगळं मुद्देसूद, ठायी ठायी आधार दिलेले. न्यायाधीश बाई भक्तिभावानं टिपणं घेत होत्या, आणि सोन्या मान एका बाजूला करून कौतुकानं बहिणीकडे बघत होता. शेवटी मॅडम त्या अकराव्या दिवसावर आल्या.

“न सांगता तो घर सोडून गेला. शहरात एकटा. काहीही होऊ शकलं असतं. त्याला संरक्षणाची गरज आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.” इतका वेळ सपाट चाललेला त्यांचा आवाज या वाक्यावर जरा हलला.

शंका उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

“त्या दिवसाबद्दल मलाही बोलायचंय,” ती म्हणाली. “मॅडमच्या घरापासून लाँड्री सहा किलोमीटर आहे. त्या वाटेनं हे एकटे कधीच गेले नव्हते. बसनंबर वाचता येत नाही म्हणून पाट्यांचे रंग ओळखत चालत गेले. दोन मोठे चौक सिग्नलला थांबून ओलांडले. आठला काम सुरू होतं, हे पावणेआठला पोचले. आणि पोचल्यावर खाडा झाला म्हणून माफी मागितली. मॅडमना वाटलं, हे हरवले. हे हरवले नव्हते, न्यायाधीश महोदया. ते कामावर गेले होते.”

मॅडमनी समोरच्या कागदावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. ते सहा किलोमीटर त्यांनी कधी मोजले नव्हते. त्या सकाळची त्यांना आठवत होती ती फक्त स्वतःची भीती.

न्यायाधीश बाई सोन्याकडे वळल्या. “तुम्हाला काय म्हणू मी?”

“घरी सोन्या. कामावर घडीसाहेब.”

“आत्ता तुम्ही कामाच्या ठिकाणी आहात असं समजू या. घडीसाहेब, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?”

सोन्यानं शंकाकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. मग त्यानं वेळ घेतला. कुणी घाई केली नाही.

“घरी,” तो म्हणाला.

“ताईंच्या घरी?”

“ते घर नाही. तिथं पुस्तकं राहतात.” त्याचा कुणाला लावून बोलायचा हेतू नव्हता. माहिती द्यावी तसं तो सांगत होता. “ताई चांगली आहे. मला तिथं काम नाही. आमच्या घरी काम असतं. पाणी भरायचं. कचरा बाहेर ठेवायचा, सोमवारी, गुरुवारी. वरच्या आजींचं दूध वर न्यायचं. आता ते कोण नेतं?”

“घरी तुम्ही एकटेच असाल. भीती वाटेल का?”

“वाटेल,” सोन्या म्हणाला. “म्हणून ताईनं यायचं. आईची खोली आहे ना रिकामी.”

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही ताईंना सांगितलंत?”

“नाही. ती कामात असते.”

चार महिने मॅडम याला कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा, कुणाच्या देखरेखीखाली ठेवायचा याचा विचार करत होत्या. आपण उठून त्याच्याकडे जावं, हे त्यांच्या डोक्याला शिवलंही नव्हतं. नऊशे पानांत ते कुठे नव्हतं.

“मॅडम,” न्यायाधीश बाई म्हणाल्या, “तुम्हाला यांना काही विचारायचं असेल तर विचारा.”

मॅडमनी प्रश्न लिहून आणले होते, अनुक्रमांक घालून. त्या उभ्या राहिल्या, कागद उचलला आणि परत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना समोरच्या माणसाचं उत्तर खरोखर माहीत नव्हतं.

“सोन्या,” त्या म्हणाल्या, “मी आले तर चालेल तुला? अगदी कायमची?”

सोन्यानं यावरही वेळ घेतला. “पुस्तकं किती आणशील?”

न्यायाधीश बाईंनी तोंडावर रुमाल धरला. शंका खिडकीतून बाहेर बघायला लागली.

“तू सांगशील तेवढी,” मॅडम म्हणाल्या.

“एक कपाट. आणि आई मला सकाळी उठवायची नाही, तू पण उठवायचं नाहीस. मी उठतो आपला आपण.”

“बरं.”

“मग ये.”

मॅडमनी तिथल्या तिथे आपला मूळ अर्ज मागे घेतला. दोन्ही बाजूंनी मिळून नवा मसुदा केला, आणि तो करताना झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या ऑफिसात दोघी चार दिवस भांडल्या. अगदी मनसोक्त. शेवटी ठरलं ते असं. कुठे राहायचं, काय काम करायचं, कुणाला भेटायचं हे सोन्याचं सोन्यानं ठरवायचं. दवाखाना आणि बँक, या दोनच गोष्टींत ताईनं मदतीला उभं राहायचं, तेही आधी त्याला समजावून आणि विचारून. आणि वर्षातून एकदा हे सगळं बरं चाललंय ना, म्हणून शंकानं त्याला एकट्याला भेटायचं. न्यायाधीश बाईंनी एका शब्दाचीही काटछाट न करता सही केली.

“मार्क किती?” मसुदा टाइप होऊन आल्यावर शंकानं विचारलं.

“तेव्हाचा तुझा पेपर अजून आठवतोय मला,” मॅडम म्हणाल्या. “तू लिहिलं होतंस, आधी माणसाला भेटलं पाहिजे. मी लाल पेन्सिलीनं शेरा मारला होता, विषयाला सोडून.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “विषय तोच होता गं.”

हात वर करायची सवय असलेली शंका खाली मान घालून बसली आणि फायलीची दोरी सोडत-बांधत राहिली.

मॅडम महिनाअखेरीस राहायला आल्या. एक कपाट ठरलं होतं, दीड आलं. सोन्यानं ते अर्धं कपाट बराच वेळ निरखलं आणि मोठ्या मनानं आत घेतलं. पहिला दिवस सामान लावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम आईच्या खोलीत पलंगावर टेकल्या. उशाशी आईचा चष्मा होता, काड्या मिटलेला. त्यांनी तो हातात घेतला. काचेवर बोटाचा एक पुसट ठसा राहिला होता.

आणि मग इतक्या महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. त्या तोंडावर हात दाबून रडल्या, मग हातही काढला. ‘पुढच्या रविवारी’ म्हणून टाळलेले सगळे रविवार एकेक करून आठवत होते.

सोन्या दारात येऊन उभा राहिला. तो घाबरला नाही. आत आला, त्यांच्याशेजारी बसला, तसा पलंग करकरला.

“मी पण रडलो,” तो म्हणाला. “लाँड्रीत. काका म्हणाले, रड, पाहिजे तेवढं रड, फक्त इस्त्रीच्या कपड्यांवर नको.”

“कधी रे?” मॅडमनी ओल्या आवाजात विचारलं.

“खूपदा.”

“मला नाही सांगितलंस.”

“तू पण नाही सांगितलंस.”

मॅडमनी त्याच्या दंडावर डोकं टेकवलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं, आणि त्यालाही नवीन होतं. आधी तो लाकडासारखा ताठ बसला. मग हळूहळू खांदा सैल सोडला आणि ताईला नीट टेकता यावं म्हणून जरासा खाली झुकला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत होतं. वरच्या मजल्यावरून आजींचा काठी आपटल्याचा आवाज आला, दोनदा.

“दूध,” सोन्या म्हणाला. “जायला पाहिजे.”

“मी येऊ?”

“चल,” तो म्हणाला. “तुझी ओळख करून देतो.”